वाण नाही, पण गुण लागला

१६४४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच या गावाने कुत्र्यांविषयी एक ठराव केला. पेरणीच्या सुमारास काही आठवडे गावातल्या यच्चयावत कुत्र्यांचा एकेक पाय बांधून ठेवायचा. पाय मोकळा असलेला कुत्रा मक्याच्या शेतात मासे उकरताना सापडला, तर मालकाने भरपाई मोजायची. ठराव करणारी मंडळी प्युरिटन पंथाची, म्हणजे हसायचं झालं तरी आधी धर्मग्रंथात परवानगी शोधणारी. कुत्र्याच्या पायाचा विषय त्यांनी किती गंभीरपणे चर्चेला घेतला असेल, याची कल्पना करत बसायला मला फार आवडतं. ठरावात नुसता ‘एक पाय’ आहे. पुढचा की मागचा, यावर एकमत झालं नसावं.

आता शेतात मासे आले कुठून, हा प्रश्न रास्त आहे. ते मुद्दाम पुरलेले होते. मक्याच्या प्रत्येक आळ्यात दोन-चार मासे घालायचे, वर माती ओढायची आणि बी टोकायचं. वसंतात समुद्रातून नद्या-ओढ्यांमध्ये अंडी घालायला चढणाऱ्या हेरिंगसारख्या माशांची तिथे इतकी रेलचेल असे, की खत म्हणून तेच सगळ्यात स्वस्त. युक्ती नामी होती. फक्त कुत्र्यांना ती आपल्यासाठीच काढली आहे असं वाटे.

ही युक्ती इंग्रजांना शिकवली टिस्क्वांटमने. ‘स्क्वांटो’ या नावाने तो अमेरिकेच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतो. १६२० च्या डिसेंबरात प्लिमथला उतरलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांनी १६२१ च्या वसंतात वीसेक एकर मका लावला आणि सहा एकरांत विलायतेहून आणलेली बार्ली आणि वाटाणा. मका भरघोस आला. बार्ली बेताची आली. वाटाणा फुलोऱ्यात असतानाच उन्हाने करपला. घरून आणलेल्या बियाण्याचा अभिमान सहा एकरांत जिरला आणि ज्या धान्याला ते जनावरांचं खाणं समजत, त्याने त्यांना जगवलं. शेतात मासे पुरण्याची रीत टिस्क्वांटमच्या लोकांची मूळची, की युरोपात असताना त्याने ती पाहिली, यावर विद्वानांचा वाद आहे. युरोपात तो हौसेने गेला नव्हता. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. १६१९ मध्ये तो कसाबसा परतला तेव्हा त्याचं पाटुक्सेट हे गाव साथीच्या रोगाने पार ओस पडलं होतं. प्लिमथची वस्ती बसली ती त्याच गावाच्या जागेवर. आयती साफ केलेली जमीन मिळाली म्हणून नव्या लोकांनी देवाचे आभार मानले आणि जो माणूस त्यांना मका लावायला शिकवत होता, तो आपल्याच मेलेल्या माणसांच्या शेतात उभा होता.

त्या भागातल्या मूळ लोकांची शेती इंग्रजांना शेती वाटलीच नाही. मक्याच्या ताटावर घेवडा चढवलेला, खाली भोपळ्याचे वेल पसरलेले, कशाची ओळ कशाला जुळत नाही, नांगर नाही, कुंपण नाही. घेवड्याच्या मुळांमुळे जमिनीचा कस टिकतो, भोपळ्याच्या पानांखाली तण वाढत नाही आणि ओल उडत नाही, हे सगळं त्या पसाऱ्यात होतं. पण पसारा दिसला की हिशोब दिसत नाही. त्यातून शेतात राबायच्या त्या बायका. पुरुष शिकारीला. इंग्लंडात शिकार हा जमीनदारांचा शौक, तेव्हा हे सगळे पुरुष ऐदी ठरले. आणि ज्यांना जमीन कसता येत नाही त्यांचा तिच्यावर हक्क कसला, असा पुढचा निष्कर्ष अगदी हाताशी होता. तो काढायला त्यांनी वेळ लावला नाही.

अमेरिकेतल्या वसाहतींचा हा इतिहास वाचताना माझी करमणूक होते ती श्रेयाच्या वाटणीने. उत्तरेकडचा न्यू इंग्लंडवाला काटकसरी आणि कष्टाळू, कारण त्याचा धर्म कडक. दक्षिणेकडचा व्हर्जिनियावाला ऐसपैस आणि खर्चिक, कारण त्याच्या अंगात सरदारी रक्त. मधल्या पेनसिल्व्हेनियातला जर्मन नेटका, कारण तो जर्मन. पुस्तकांतून हे असं ऐटीत सांगितलेलं असतं. पण न्यू इंग्लंडवाला आणि व्हर्जिनियावाला दोघेही एकाच बेटावरून आलेले, एकाच राजाची प्रजा, हातातली कुदळही एकाच धर्तीची. आपल्याकडे म्हणतात, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. हे लोक वेगवेगळ्या मातीशेजारी बांधले गेले, एवढंच झालं असावं असा माझा बरेच दिवसांचा संशय आहे.

न्यू इंग्लंडचंच घ्या. हिमयुगातल्या बर्फाने तो सगळा प्रदेश खरवडून काढला आणि वितळताना दगडगोटे, वाळू आणि चिकणमाती यांचा काला मागे टाकला. त्यावर हजारो वर्षं जंगल वाढलं आणि पालापाचोळ्याचा थर साचला. पहिल्या पिढीने झाडं तोडून त्या थरावर शेती केली तेव्हा जमीन बऱ्यापैकी मऊ लागली. पुढे पाचोळा संपला, झाडांचं पांघरूण गेलं, थंडी जमिनीत खोलवर शिरू लागली आणि दगड वर यायला लागले.

ते वर कसे येतात हे पाहण्यासारखं आहे. जमिनीतलं पाणी गोठताना फुगतं. दगडाखाली बर्फ धरला की तो दगडाला केसभर वर उचलतो. बर्फ वितळला की दगडाने खाली बसायला हवं, पण तेवढ्यात आजूबाजूची बारीक माती घरंगळून त्याची जागा बळकावते. दगड अधांतरी राहतो. पुढच्या हिवाळ्यात आणखी थोडा वर. शेतकऱ्याने उन्हाळ्यात वावर वेचून लख्ख करावं आणि वसंतात पाहावं तर नव्या दगडांचं पीक हजर. ते न पेरता येतं, त्यावर कीड पडत नाही आणि दुष्काळाने ते बुडत नाही. हे काम सैतानाचं आहे असं काहींना वाटे, आणि ते तसं वाटण्यात मला अंधश्रद्धा दिसत नाही. आदल्या वर्षी पाठ मोडेस्तोवर दगड वेचलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

हे दगड लाकडी घसरगाडीवर लादायचे, बैलांनी ती बांधापर्यंत ओढायची आणि तिथे गडगा रचायचा. चुना नाही, गारा नाही, नुसता दगडावर दगड. गडग्यांचा मोठा हंगाम आला तो स्वातंत्र्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत, पण सुरुवात वसाहतकाळातली. १९३९ मध्ये एका खाणतज्ज्ञाने जुन्या सरकारी आकड्यांवरून हिशोब केला, तेव्हा या गडग्यांची एकूण लांबी सुमारे २,४०,००० मैल भरली. चंद्रापर्यंत पोहोचून वर थोडे दगड शिल्लक राहतील. एवढे गडगे झाल्यावर बांधाची भांडणं आलीच. त्यासाठी गावोगाव कुंपण तपासनीस नेमले जात. कोणाचा गडगा किती पडला, कोणाचा बैल कोणाच्या मक्यात शिरला, याचा निवाडा त्यांनी करायचा. न्यू इंग्लंडातल्या कित्येक गावांत हे पद अजूनही भरतात. आता हा न्यू इंग्लंडवाला काटकसरी, करारी, शेजाऱ्यापासून हातभर अंतर राखून वागणारा झाला, याचं श्रेय त्याच्या पाद्र्याला कितपत द्यायचं?

पाद्र्यांवरून आठवलं. कनेटिकटमधल्या किलिंगवर्थ गावी जॅरेड एलियट नावाचे पाद्री होते. ते वैद्यही होते. रोगी पाहायला घोड्यावरून लांबलांब जावं लागे आणि जाता जाता ते दुतर्फाची शेतं न्याहाळत. रोग्याइतकीच जमीनही आजारी दिसते, हे त्यांच्या लक्षात आलं. उतारावरच्या उघड्या शेतातून पावसाचं पाणी गढूळ होऊन वाहतं, म्हणजे जमिनीचं सत्त्वच निघून चाललं आहे, हे त्यांनी त्या काळी ताडलं. १७४८ पासून ते शेतीवर निबंध छापत गेले. १७६० मध्ये त्यांचं पुस्तक झालं. बेंजामिन फ्रँकलिनशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. दलदल उपसून तिथे पीक घेणं आणि बी पेरायचं पाभरीसारखं यंत्र जुळवणं हे त्यांचे छंद. शेतकरी मात्र पुस्तक वाचून शेती करायला नाखूश. याबाबतीत शेतकरी कुठलाही असो.

पण शेतकऱ्यांनाही कधीकधी पुस्तकांच्या आधी कळतं. विलायती गव्हाशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटेना, आणि १६६० च्या दशकापासून गव्हावर तांबेरा पडू लागला. शेतकऱ्यांनी बारकाईने पाहिलं तर जिथे बारबेरीची झुडपं, तिथे तांबेरा जास्त. ही काटेरी, लाल फळांची झुडपं मुरंब्यासाठी आणि कुंपणासाठी त्यांनीच हौसेने युरोपातून आणलेली. १७२६ मध्ये कनेटिकटने ती उपटून टाकायची मुभा देणारा कायदा केला, पुढे मॅसॅच्युसेट्सनेही केला. शिकलेले लोक याला गावठी समजूत म्हणत. १८६५ मध्ये आन्टोन डे बारी या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की तांबेऱ्याच्या बुरशीचं अर्धं आयुष्य बारबेरीच्या पानावरच जातं. तोवर न्यू इंग्लंडने गव्हाचा नाद बराचसा सोडून मका आणि राय यांच्या मिश्र पिठाचा काळसर पाव पत्करला होता. शहाणपण सिद्ध झालं तेव्हा ते सिद्ध व्हायची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं.

पेनसिल्व्हेनियाविषयी फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथली माती चांगली होती आणि सुखी संसाराची गोष्ट दोन ओळींत आटोपते. लँकेस्टरच्या बाजूला चुनखडीवर तयार झालेली कसदार जमीन. काळ्या अक्रोडाची उंच झाडं दिसली की खाली चुनखड आहे असं धरायचं, ही जर्मन वस्तीवाल्यांची खूण. त्यांनी गहू पिकवला, मोठमोठ्या गाड्यांत लादून फिलाडेल्फियाला धाडला, आणि स्वतःच्या घराआधी जनावरांचा गोठा बांधला. डॉक्टर बेंजामिन रश यांनी या नेटकेपणाचं जर्मनांच्या नावाने भरभरून कौतुक केलं आहे. चुनखडीने कुठे आत्मचरित्र लिहिलेलं नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण जॉर्जियाचं, आणि ते मला फार प्रिय आहे. १७३२ मध्ये लंडनच्या काही सज्जनांनी ही वसाहत मनात आखली. अडल्यानडल्या इंग्रजांना तिकडे न्यायचं, प्रत्येकी पन्नास एकर द्यायचे, आणि त्यांच्याकडून रेशीम करून घ्यायचं. हवा उबदार आहे म्हणजे इटलीसारखं रेशीमही होणारच, असा तर्क. नकाशावर रेघा ओढून जमिनीचे तुकडे पाडले. कोणाच्या वाट्याला दलदल, कोणाच्या वाट्याला पाइनच्या झाडांखालची भुरभुरीत वाळू. तुतीची झाडं लावलीच पाहिजेत, अशी अट. वसाहतीच्या मोहरेवर रेशमाचा किडा आणि तुतीचं पान. खाली लॅटिनमध्ये ‘स्वतःसाठी नव्हे, इतरांसाठी’. किड्याच्या दृष्टीने ते अक्षरशः खरं होतं. थोडं रेशीम निघालंही. १७३५ मध्ये कॅरोलाइन राणीसाहेबांचा एक पोशाख त्याचा शिवला. पण पोशाखावर वसाहत चालत नाही. कारभारी लंडनमध्ये, वाळू जॉर्जियात, आणि दोघांची गाठ शेवटपर्यंत पडली नाही.

या सज्जनांनी १७३५ मध्ये आणखी एक गोष्ट केली होती. वसाहतीत गुलाम ठेवायला बंदी. सवाना नदीच्या पलीकडे दक्षिण कॅरोलायना, तिथे तीच दलदल, तोच दमट उन्हाळा, आणि १७०८ पर्यंतच गोऱ्यांपेक्षा काळ्यांची संख्या जास्त झालेली. गुलामगिरी ही तिथल्या मातीची आणि हवामानाची गरज होती, असं नंतर पुष्कळांनी शांत चेहऱ्याने लिहिलं. ती गरज होती तर नदीच्या अलीकडे सोळा वर्षं कायद्याने तिच्यावाचून कसं भागलं? १७५१ मध्ये बंदी उठली, कारण पलीकडच्या श्रीमंतीकडे पाहून अलीकडचे जमीनदार हटून बसले होते. मातीला गुण असतात हे मी आत्तापर्यंत आग्रहाने सांगत आलो. गुन्हा मात्र तिच्या खात्यावर घालता येत नाही.

त्या कॅरोलायनाच्या भातशेतीकडे जरा जवळून पाहावं. समुद्राजवळच्या नद्यांना भरती-ओहोटी असते. भरतीच्या वेळी खाली खारं पाणी, पण ते वरचं गोडं पाणी मागे रेटतं. हे गोडं पाणी खाचरात घ्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. त्यासाठी बांध घालायचे आणि बांधात झडपेचं दार बसवायचं. गोव्याच्या खाजणातली मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. कॅरोलायनात याला ‘ट्रंक’ म्हणतात, कारण सुरुवातीला पोखरलेला झाडाचा बुंधा बांधात आडवा घालून त्याला बूच मारत. पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यात अशीच रीत होती, आणि त्या पट्ट्यातून धरून आणलेली माणसंच इथे कमरेइतक्या चिखलात बांध घालत होती. पेरताना टाचेने खळगा करून पायाच्या अंगठ्याने माती लोटायची, भात उखळात कांडायचा, गवताच्या विणलेल्या सुपातून पाखडायचा, हेही त्यांचंच. मलेरियाच्या दिवसांत मालक मंडळी हवापालटाला चार्ल्सटनला जात. मालकाला भातातलं काय कळत होतं, असा प्रश्न तिथल्या जुन्या वह्यांना विचारावासा वाटतो. विक्रीचा भाव मात्र त्यांत बिनचूक असणार.

भात सखलात, तर उंचवट्याच्या कोरड्या जमिनीवर नीळ. इलायझा लुकस ही सोळा-सतरा वर्षांची मुलगी वडिलांच्या गैरहजेरीत त्यांच्या जमिनी सांभाळत होती. वडिलांनी अँटिग्वाहून निळीचं बी धाडलं. पहिलं पीक गारठ्याने गेलं. मग नीळ काढायला वेस्ट इंडिजमधून जो जाणकार आणला, त्याला आपल्या बेटाच्या धंद्याची काळजी. त्याने हौदात चुन्याची निवळी मुद्दाम जास्त ओतून रंग बिघडवला, असं इलायझाने लिहून ठेवलं आहे. १७४४ च्या सुमारास तिला, म्हणजे तिच्या गुलामांना, चांगली नीळ साधली. ब्रिटिश सरकारने निळीला बक्षिसी लावली आणि कॅरोलायनाचे मालक गब्बर झाले. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली, बक्षिसी थांबली, आणि ब्रिटिश गिऱ्हाइकाने निळीसाठी बंगालकडे मोर्चा वळवला. तिथून चंपारणपर्यंतची हकिकत आपल्याकडे शाळेत शिकवतात. तिचं आधीचं प्रकरण चार्ल्सटनजवळच्या उंचवट्यावर घडलं होतं, हे सहसा सांगत नाहीत.

राहिला व्हर्जिनिया, म्हणजे तंबाखू. १६१२ मध्ये जॉन रॉल्फने तिथे वेस्ट इंडिजच्या बियाण्याची तंबाखू लावली आणि पाच वर्षांत जेम्सटाउनचे लोक इतके पिसाटले, की बाजारपेठेत आणि रस्त्यांवरसुद्धा तंबाखू उभी. आधी दोन एकर मका लावा, मग हवी तेवढी तंबाखू, असा हुकूम काढावा लागला होता. लवकरच तंबाखूच पैसा झाली. कर तंबाखूत, दंड तंबाखूत. १६९६ च्या कायद्याने पाद्र्याचा वर्षाचा पगार १६,००० पौंड तंबाखू. आता तंबाखूच्या जाती दोन. नद्यांकाठच्या काही विशिष्ट जमिनींत गोड वासाची येई, तिला भाव जास्त. इतरत्र ओरोनोको नावाची जरा उग्र. पगाराचं वजन सगळीकडे तेवढंच. त्यामुळे गोड वासाच्या गावात पाद्री चटकन मिळे आणि ओरोनोकोच्या गावात चर्च रिकामं राही. देवाची हाक ऐकू येण्याच्या आड मातीचा पोत असा येत असे.

तंबाखू तीन-चार वर्षांत जमीन चोखून टाकते. मग ती पडीक सोडायची, पुढचं जंगल घ्यायचं, झाडांची साल गोलाकार सोलून त्यांना उभ्या उभ्या मारायचं आणि बुंध्यांमधून कुदळीने आळी करायची. युरोपचे प्रवासी हे पाहून नाकं मुरडत. पेर काल्म हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य १७४८ मध्ये अमेरिकेत आला, तो तिथल्या लोकांची गुरं रानात मोकाट फिरतात, शेणखताची कोणाला फिकीर नाही, असं लिहून गेला. पण जमीन उदंड आणि हात थोडे असताना वीस वर्षं रान पडीक ठेवणं हा मूर्खपणा म्हणवत नाही. तो हिशोबच होता. जमीन संपत आल्यावर तो चुकायला लागला, एवढंच.

तो चुकतो आहे हे ज्यांना लवकर कळलं त्यांत एक जॉर्ज वॉशिंग्टन. माउंट व्हर्ननच्या त्यांच्या जमिनीत तंबाखू जेमतेम येई आणि लंडनचा अडत्या भाव पाडून देई. १७६० च्या एप्रिलात त्यांनी दहा खणांची पेटी बनवली. प्रत्येक खणात एकच माती, पण खत निराळं: एकात घोड्याची लीद, एकात शेण, एकात मेंढीच्या लेंड्या, एकात नदीचा गाळ, असं. प्रत्येक खणात गहू, ओट आणि बार्ली यांचे मोजून तीन तीन दाणे, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर. पुढे ज्या माणसाने एका साम्राज्याशी युद्ध केलं, तो त्या वसंतात गुडघे टेकून लेंड्यांची तुलना करत होता. १७६६ पर्यंत त्यांनी माउंट व्हर्ननला तंबाखू सोडून गव्हावर भर दिला. नंतर त्यांना बेवडाचं वेड लागलं, कुठल्या पिकामागे कुठलं पीक याचे सात-सात वर्षांचे तक्ते ते करत. हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या मिडास राजासारखा, पण हात लावेल त्याचं आधी खत करणारा कारभारी मला हवा आहे, अशा अर्थाचं त्यांनी १७८५ मध्ये एका मित्राला कळवलं. १७८७ मध्ये, ज्या वर्षी फिलाडेल्फियात त्यांच्या अध्यक्षतेखाली देशाची घटना लिहिली गेली, त्याच वर्षी घरी तबेल्याजवळ त्यांचा उकिरडा बांधून झाला. छप्पर घातलेला, खाली गोटे बसवलेला. १७९९ च्या १० डिसेंबरला त्यांनी पुढच्या वर्षीचा शेतवार आराखडा कारभाऱ्याला लिहून दिला. १४ तारखेला ते वारले. तेव्हा तिथे ३१७ गुलाम होते. खत वर्षानुवर्षं पाटीने उचललं ते त्यांच्या हातांनी.

तो उकिरडा अलीकडे जुन्या पायावर पुन्हा बांधला आहे. माउंट व्हर्ननचं तिकीट काढलं की तो पाहता येतो. वाडा, दिवाणखाना आणि थडगं पाहून झाल्यावर पर्यटक तिथे येतात, आत डोकावतात, आणि वास येत नाही म्हणून थोडे हिरमुसतात, असं मला आपलं उगाचच वाटतं.